बारावी काठी

रविवारी सकाळी घावनाचा पहिला घास तोंडात असतानाच श्यामकांत मेस्त्रींना घाम फुटला. नलिनीबाईंना वाटलं, चटणी तिखट झाली असेल. त्यांनी पाण्याचा तांब्या नवऱ्यापुढे सरकवला आणि पुन्हा तव्याकडे वळल्या. चटणी बिचारी निर्दोष होती. दोष मेस्त्रींच्या हाताचा होता आणि तो त्यांना एकट्यालाच ठाऊक होता.

झालं होतं एवढंच, की त्यांची मुलगी अपूर्वा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "बाबा, तोंडावरचे जाळीचे मास्क काही आले नाहीत. कुरिअरवाला मंगळवार म्हणतोय. पण डोनल सर म्हणाले, राहू देत. मला विचारलं, काठ्या कोणी केल्यात? मी म्हटलं, माझ्या बाबांनी. तर म्हणाले, मग तोंड झाकायची गरज नाही. बाप मुलीच्या हातात खोटी काठी देणार नाही."

हे तिनं हसत, अभिमानानं सांगितलं. मग कपाटातून बापाचा लग्नातला काळा कोट काढून बॅगेत कोंबला, "अकराला सुरू आहे, मुलुंडला रविवारी पण वाट लागते, लवकर निघा," असं बजावलं आणि ती गेली. मेस्त्री घास गिळायचा विसरून बसले होते.

मेस्त्रींचं घर चारकोपच्या सेक्टरमध्ये आणि गाळा तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. धंदा लाकूड कातायचा. लाटणी, रवीचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब, हातोड्यांच्या मुठी, जे गोल असेल ते सगळं मेस्त्रींच्या मशिनीवर होतं. वडील परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते हत्यारांची पेटी घेऊन उपनगरात आले आणि मुलाला त्यांनी लाकडाशीच बांधून ठेवलं. मेस्त्रींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लाकूड बोलत नाही, हा त्यांच्या मते लाकडाचा मोठा गुण होता.

अपूर्वा मात्र हाडं-सांध्यांकडे वळली. फिजिओथेरपी शिकली, पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षं आयर्लंडला, लिमरिकला जाऊन आली. तिथे तिच्याकडे खांदा आखडलेला एक म्हातारा यायचा. हात डोक्याच्या वर जात नव्हता. तिनं विचारलं, आजोबा, हात वर नेऊन काय करायचंय तुम्हाला? म्हातारा म्हणाला, काठी मारायचीय. अपूर्वाला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. तो डोनल. खांदा सुटला तशी त्यानं फी म्हणून तिला काठी शिकवायला घेतली, आणि पोरगी रोज व्हिडिओ कॉलवर आईबापाचं डोकं खाऊ लागली.

तिकडे म्हणे दोनशे वर्षांपूर्वी जत्रा भरली, की दोन घराण्यांचे शे-दोनशे लोक काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहायचे. कारण काय, तर आजोबांच्या वेळचा बांध, कुठल्या तरी लग्नात झालेला अपमान. कधी कधी कारण कुणालाच आठवत नसे, तरी डोकी फुटायचीच. हे ऐकून मेस्त्रींना फार बरं वाटलं होतं. भावकी आपल्याच नशिबी आली नाही, गोऱ्यांनाही सुटली नाही, असं ते गाळ्यावर चार जणांना सांगत फिरले होते. लढाई सुरू करायची रीतही ठरलेली. एकानं अंगातला कोट काढायचा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं कोट जमिनीवरून ओढत, आपल्या घराण्याचं नाव घेत जत्रेतून चालायचं. ज्याच्यात धमक असेल त्यानं त्या कोटावर पाय द्यायचा. एकदा पाय दिला की मागे फिरणं नाही.

पुढे सरकारनं दंडुका उगारला, पाद्र्यांनी प्रवचनं झोडली आणि मग दुष्काळ असा पडला की गावंच्या गावं जहाजात बसून परदेशी गेली. काठ्या राहिल्या त्या म्हाताऱ्यांना टेकायला. विद्या तेवढी मोजक्या घरांतून, स्वयंपाकघराचं दार लावून, बापाकडून मुलाकडे जात राहिली. परक्याला दाखवायची नाही असा दंडक. डोनलचं घर त्यांतलंच. त्याला मूलबाळ नव्हतं. साठी उलटल्यावर त्यानं ठरवलं, की दंडक गेला खड्ड्यात, आणि गावातला एक हॉल घेऊन येईल त्याला शिकवायला लागला. तिकडे अशी आणखीही माणसं निघाली, जुने कागद शोधणारी, म्हाताऱ्यांना विचारून हात जुळवणारी. मेलेली म्हणून सोडून दिलेली गोष्ट पुन्हा हालचाल करू लागली.

डोनलचा डावा डोळा काचेचा होता. एकोणीस वर्षांचा असताना सरावात समोरच्याची काठी फुटली आणि तिचं टोक डोळ्यात शिरलं. काठी त्याच्या सख्ख्या काकानं केलेली. आत चीर होती, वरून मेण आणि काजळी भरून बुजवलेली. काका म्हणाला, मला दिसली नव्हती. ही हकीगत अपूर्वानं व्हिडिओ कॉलवर सांगितली तेव्हा नलिनीबाई "माय गे," म्हणाल्या होत्या आणि मेस्त्री म्हणाले होते, "सुतार कसला तो. चीर दिसत नाही म्हणजे काय?"

आता घावनापुढे बसून त्यांना आपलंच ते वाक्य आठवत होतं.

काठ्या करवंदीच्या होत्या. ती कल्पना बाप-लेकीची दोघांची. तिकडची काठी ज्या झुडपाची करतात, त्याला लांब काटे, पांढरी फुलं आणि आंबट काळी-निळी फळं. अपूर्वानं फोनच्या कॅमेऱ्यातून कुंपण दाखवलं तेव्हा मेस्त्री म्हणाले, "अगो, ही तर आपली करवंदी." तशी ती नव्हे, पण चिवटपणात तिची बहीण शोभेल. त्यांनी कणकवलीकडच्या चुलतभावाला कामाला लावलं. त्यानं व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं फिरून सरळ वाढलेल्या चौदा काठ्या मुळाच्या गड्ड्यासकट काढल्या, गड्ड्याची मूठभर गाठ ठेवली आणि दोन वर्षं चुलीच्या वर धुरात टांगून ठेवल्या. वाळताना दोन वाकल्या. बारा उरल्या. अपूर्वाच्या वर्गात मुलंही बाराच. दर रविवारी मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये ती त्यांना शिकवायची. इतके दिवस सराव वेताच्या छड्यांवर झाला. खऱ्या काठ्या आज पहिल्यांदा हातात यायच्या होत्या, लोकांसमोर, आणि बघायला खुद्द डोनल आला होता.

गेल्या महिन्यात गाळ्यावर काठ्या घासताना एकीला, गाठीपासून वीतभर खाली, काटा तुटलेल्या जागी चीर दिसली. नखभर असेल. मेस्त्रींनी पुढे काय केलं ते त्यांनी केलं असं म्हणणंही कठीण आहे, कारण हात आपोआप चालला. लाख तापवली, भुसा दाबला, वरून लाख फिरवली, घासली. पस्तीस वर्षांत अशी हजारभर लाटणी भरली असतील. एकही बाई परत आली नाही. लाटणं काही कुणी रोज डोक्यात घालत नाही. मग बाराही काठ्यांना त्यांनी काजळी आणि अळशीचं तेल चोळलं, तिकडच्या काठ्या काळ्या असतात म्हणून. भिंतीला ओळीनं उभ्या केल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की भरलेली कोणती ते आपल्यालाच ओळखता येत नाही. मनाला थोडं टोचलं. ते म्हणाले, मास्क असणारच आहेत. आणि शनिवारी अपूर्वाच्या वर्गातला प्रबुद्ध मोटरसायकलवर काठ्यांचा भारा बांधून घेऊन गेला तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवून त्याला सांगितलं, "शंभर वर्षं मोडायची नाही, माझा शब्द."

साडेनऊला त्यांनी अपूर्वाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

"बोला बाबा."

मेस्त्रींनी तोंड उघडलं. सांगायचं एकच वाक्य होतं, लहान पोरालाही जमेल असं. "काठ्यांना तेल पुसलंस ना वरचं?" ते म्हणाले. "हात घसरेल नाहीतर."

"हो हो, पुसलं प्रबुद्धनं. सर तर काठ्या बघून वेडे झालेत. ठेवते, फोन बॅगेत टाकतेय आता."

फोन बंद झाला. मेस्त्रींना स्वतःची अशी शिसारी आली, की त्यांनी फोन पालथा घालून ठेवला. तो पुन्हा लावला तेव्हा कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

"अवो, खंय चललात असे?" नलिनीबाईंनी विचारलं. "आंघोळ खंय झाली तुमची?"

"मुलुंडाक."

"माका घेवन जाणार होतात मां?"

"तू मागसून ये," मेस्त्री म्हणाले आणि चपला अडकवून जिना उतरले. बायकोला बरोबर घेतलं असतं तर वाटेत सांगावं लागलं असतं.

रिक्षात बसल्यावर त्यांनी हिशोब मांडला. बारात एक. म्हणजे अकरा वेळा काहीच होणार नाही. हा विचार मालाडपर्यंत पुरला. मालाडच्या सिग्नलला त्यांना आठवलं, की एका जोडीत दोन काठ्या असतात, आणि काठीवर काठी बसते ती हळू बसत नाही. अपूर्वानं घरात दाखवलं होतं. काठी खालून तिसऱ्या हिश्शावर धरायची, उरलेला खालचा भाग कोपराला आड येतो, आणि वरची गाठ मनगटाच्या झटक्यानं सुटते. तिचा नेम डोक्याकडेच असतो. तेव्हा त्यांना कौतुक वाटलं होतं. आता ती गाठ तुटून सुटलेली आणि मागे राहिलेलं टोकदार लाकूड तसंच पुढे जाणारं त्यांना दिसत होतं, कधी प्रबुद्धच्या तोंडाकडे, कधी अपूर्वाच्या.

प्रबुद्ध मुलुंडचाच, बँकेत नोकरी करणारा, अपूर्वाचा सगळ्यात तयार विद्यार्थी. त्याचे आजोबा धोंडिराम जयंतीच्या मिरवणुकीत लाठी फिरवायचे. बघायला लोक गॅलऱ्यांत गर्दी करत. नातवानं उद्या शिकतो, परवा शिकतो करत वेळ घालवली आणि आजोबा गेले. "म्हणून इथे आलो, काका," तो एकदा मेस्त्रींना म्हणाला होता. "आपली गेली, निदान त्यांची तरी हातात राहील." असल्या पोराचा डोळा. पवईच्या तलावाशी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. मेस्त्री दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि रिक्षावाला आरशातून त्यांना.

"हॉस्पिटल?" त्यानं शेवटी विचारलं.

"अजून नाही," मेस्त्री म्हणाले.

हॉलवर पोचले तेव्हा अकराला सात मिनिटं होती. शंभरेक माणसं जमली होती. वर्गातली मुलं, त्यांचे आईबाप, कोपऱ्यात स्पीकर, त्यावर तिकडचं फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मोठ्यानं चाललेलं. मुलं बाहेर पायरीवर डोनलबरोबर फोटो काढत होती. उंच, वाकलेला म्हातारा, गळ्यात कुणीतरी घातलेला हार. अपूर्वा कुठे दिसेना. काठ्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या.

मेस्त्री थेट काठ्यांपाशी गेले. पहिली उचलून फरशीवर आपटली. चांगलं लाकूड खणखणतं, फुटकं बद्द वाजतं, एवढं कुठल्याही सुताराला कळतं. पण फिडलच्या दणक्यात त्यांना काहीच ऐकू येईना. दुसरी आपटली, तिसरी आपटली. सगळ्या मुक्या.

आणि मग त्यांना वडील आठवले. गिरणीत मागाला एक काठी असायची, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला ठोकर देऊन इकडून तिकडे पळवणारी. दिवसभर ठोकरा देऊन ती कधीतरी फुटायची, आणि फुटली की तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा यायचा. तिची पारख करायला वडील मागखात्यात जायचे, आणि तिथे शेकडो मागांचा असा गदारोळ, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. वडील काठीचं टोक दातांत धरायचे आणि दुसऱ्या टोकाला बोटाच्या पेरानं टकटक करायचे. लाकूड सलग असेल तर झिणझिणी दातांतून थेट कवटीत जाते. चीर असेल तर मध्येच विझते. कानाचं काम दातांनी करायचं.

अडचण एकच होती. मेस्त्रींचे वरचे पुढचे दात त्यांचे नव्हते. त्यांनी क्षणभर इकडेतिकडे बघितलं, वरची कवळी काढली, रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली आणि मागे उरलेल्या दोन खऱ्या दाढांत काठीचं टोक पकडलं. टकटक. झिणझिणी डोक्यात गेली. चांगली. दुसरी. चांगली. समोरच्या रांगेतली एक बाई आपल्या मुलीला जवळ ओढून घेताना त्यांना दिसली. एकसष्ट वर्षांचा माणूस भरल्या सभेत काठ्या चावत होता. तिचंही चुकलं नाही. तिसरी, चौथी, सातवी. तोंडात काजळी आणि अळशीची चव उतरली. दहावी. अकरावी. झिणझिणी सरळ डोक्यात गेली. चांगली.

बारावी तिथे नव्हती.

टाळ्या झाल्या म्हणून त्यांनी वळून बघितलं. हॉलच्या मधोमध अपूर्वा आली होती. डाव्या हातात त्यांचा लग्नातला कोट, उजव्या हातात बारावी काठी. पलीकडच्या टोकाला प्रबुद्ध वेताची छडी खाली ठेवून मेस्त्रींच्याच दिशेनं, काठी घ्यायला येत होता. तिसऱ्या फेरीला तो कोटावर पाय देणार, हे मेस्त्रींना घरी ऐकून ठाऊक होतं. दोघांची तोंडं उघडी, मास्कशिवाय. अपूर्वा चालू लागली. कोट फरशीवरून तिच्यामागे घसटत येत होता आणि ती मोठ्यानं म्हणत होती, "मेस्त्री इथे आहे! कोण येतंय?"

मेस्त्री ओरडले. "अपू, थांब!" पण कवळी खिशात, फिडल कानाशी; त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. प्रबुद्धनं त्यांच्या शेजारची काठी उचलली, "काका, झकास ना?" असं हसून म्हणाला आणि आपल्या जागेकडे पळाला. पहिली फेरी संपली. दुसरी. कोटाची किनार त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावरून चालली होती.

मेस्त्रींनी कोटावर पाय दिला.

कोट अपूर्वाच्या हातातून सुटला. ती गर्रकन वळली, काठी डोक्याशी, पवित्र्यात, आणि समोर बाप बघून तशीच थांबली. कुणीतरी फिडल बंद केलं. लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे, आणि त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

"बाबा, काय करताय?" ती हसरा चेहरा न सोडता म्हणाली. "प्रबुद्ध देणार होता पाय."

मेस्त्री तिच्या अगदी जवळ गेले. "तुझ्या हातातली काठी भरलेली आहे."

"म्हणजे?"

"चीर होती. मी लाख भरली."

तिनं काठीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सकाळी फोन केलात तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

मेस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एकदा प्रबुद्धकडे नजर टाकली, त्याच्या उघड्या तोंडाकडे, आणि तिच्या मानेवरचा स्नायू ताठ झालेला त्यांना दिसला. मग ती हलक्या आवाजात, भराभर म्हणाली, "ठीकाय. मी दुसरी घेते. लोकांना वाटतंय तुम्ही गंमत केलीत, वाटू दे. हसा थोडं आणि जाऊन बसा. कुणाला कळायची गरज नाही."

पोरगी त्यांचीच होती. चीर दिसली की हात आधी भरायलाच जातो.

तेवढ्यात डोनल आला. आपल्या इंग्रजीत त्यानं विचारलं, सगळं ठीक आहे ना? अपूर्वा म्हणाली, हो हो, बाबांना जरा गंमत सुचली. डोनल मेस्त्रींकडे बघत होता. म्हणजे उजवा डोळा बघत होता. डावा त्यांच्या खांद्यावरून मागे कुठेतरी लागला होता. मेस्त्रींनी हसायला तोंड उघडलं आणि आपल्याला वरचे दात नाहीत हे त्यांना आठवलं. ते हसले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं.

त्यांनी अपूर्वाच्या हातातून काठी घेतली, स्टेजच्या कडप्प्याच्या कडेपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती कडेवर हाणली. काही झालं नाही. एक पळभर त्यांच्या मनात आलं, की काठी चांगलीच असेल, आपण उगाच. त्यांनी दुसऱ्यांदा हाणली.

टक्, एवढाच आवाज झाला. गाठीचा तुकडा उडाला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीखाली, त्या मघाच्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला. मेस्त्रींच्या हातात राहिलेल्या काठीचं टोक सुयांसारखं उभं फाटलं होतं.

प्रबुद्धनं वाकून तुकडा आणला आणि डोनलच्या हातात दिला. डोनलनं तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. लाख आणि भुसा भुगा होऊन त्याच्या बोटाला लागला. त्यानं वास घेतला. कोणी भरलं, असं त्यानं विचारलं ते समजायला मेस्त्रींना अपूर्वाची गरज पडली नाही.

"मी," ते म्हणाले. "आय डू. बिफोर, आय नो."

डोनल स्टेजच्या पायरीवर बसला. हार काढून बाजूला ठेवला. मग तो बोलू लागला, थांबत थांबत, आणि अपूर्वा बापाकडे न बघता मराठीत सांगू लागली.

"म्हणतात, काका त्यानंतर तीस वर्षं जगले. दर रविवारी जेवायला यायचे. यांच्या डाव्या बाजूला कधी बसले नाहीत. नेहमी उजवीकडची खुर्ची ओढून घ्यायचे. म्हणतात, मला माहीत होतं की त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदा म्हणावं एवढंच हवं होतं."

डोनल थांबला. मेस्त्रींनी विचारलं, "म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

अपूर्वानं विचारलं. डोनलनं हातातला तुकडा उलटा केला, सुलटा केला आणि उत्तर दिलं.

"म्हणतात, तर मी त्यांच्या मयताला गेलो असतो."

मेस्त्री पायरीपाशी आले. डोनलनं सरकून त्यांना जागा दिली. आपल्या डाव्या बाजूला. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले आणि लोक कुजबुजायला लागले, की कार्यक्रम आहे की संपला.

अपूर्वा भिंतीपाशी गेली. तिथली एक काठी तिनं उचलली, प्रबुद्धच्या हातातलीही काढून घेतली आणि दोन्ही घेऊन ती बापासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर राग होता. तो तिनं लपवला नव्हता. पहिली काठी तिनं त्यांच्या तोंडापुढे धरली.

"मघाशी चावत होतात ना? प्रबुद्धनं सांगितलं. चावा."

सगळ्या हॉलसमोर मेस्त्रींनी टोक दाढांत धरलं. काठीची गाठ तिच्या मुठीत होती. त्यांनी पेरानं टकटक केलं. झिणझिणी डोक्यात गेली. दुसरी काठीही त्यांनी तशीच बघितली, आणि घाईत चूक नको म्हणून पुन्हा पहिली बघितली.

"चांगल्या आहेत दोन्ही," ते म्हणाले.

"नक्की?"

सव्वीस वर्षांत हा शब्द तिनं त्यांना कधी विचारला नव्हता. सायकलची मागची पकड सोडताना नाही, विमानतळावर "काही लागलं तर आम्ही आहोत" म्हणताना नाही, बारा काठ्या हातात घेताना तर नाहीच. यापुढे ती विचारत राहणार, हे मेस्त्रींना तिथेच कळलं.

"नक्की," ते म्हणाले.

तिनं एक काठी प्रबुद्धकडे फेकली. फरशीवर पडलेला कोट उचलला, त्यावरचा चपलेचा ठसा बघितला, झटकला नाही. फिडल पुन्हा सुरू झालं आणि ती कोट ओढत चालू लागली. मेस्त्रींनी खिशातली कवळी चाचपली, पण घातली नाही. आणखी नऊ काठ्या भिंतीशी उभ्या होत्या.